गाडी कुठल्या गिअरला होती?

सर्व्हेअरकाकांचा डावा हात स्वस्थ बसलेला मी क्वचितच पाहिला. लग्नाच्या पंगतीत उजव्या हातानं वरणभात कालवतायत आणि डावा हात मांडीवरून उठून हवेत काहीतरी धरतोय, पिळतोय, स्वतःकडे ओढतोय, सरळ करून पुढे ढकलतोय. कोणाच्या मयताला गेले तरी तेच. नवी माणसं मला बाजूला घेऊन हळूच विचारायची, "काकांना कंपवात आहे का हो?" कसला कंपवात नि कसलं काय! काका गाडी चालवत असायचे. सवय झाली की कुठली गाडी तेही कळायचं. हात पिळून ओढला की फ्रेंच. दोन बोटांनी घड्याळाचा काटा सरकवल्यासारखं केलं की इंग्रजी. मनगट स्वतःकडे घेऊन खाली दाबलं की स्टिअरिंगखाली गिअर असलेली इटालियन. समोर भटजी मंगलाष्टकं म्हणत असोत किंवा आमच्या विहारात भन्तेजी वंदना घेत असोत, काकांच्या डोक्यात एक गाडी कायम चढ चढत असायची.

मूळचे ते निफाडकडचे, द्राक्षवाल्या घरातले. मळा भावावर सोपवून तरुणपणीच नाशिकला आले. "वेलाजवळ बसून वाट बघायची, हे आपलं काम नाय," असं म्हणायचे. वाट बघणं त्यांना जमतच नसे. चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघराच्या तीन फेऱ्या. बोलताना खुर्चीतून उठून दारापर्यंत जाणार, वाक्य तिथे संपवणार, परत येऊन दुसरं सुरू करणार. त्यांच्याशी गप्पा मारल्या की माझी मान दुखायची.

त्यांचं काम होतं अपघातातल्या गाड्या तपासण्याचं. गाडी आपटली की विमा कंपनी यांना पाठवायची: जा, बघा, काय मोडलं, कसं मोडलं, सांगा. बाकीचे सर्व्हेअर आधी बंपर बघतात, चेसिस बघतात. काका आधी आत हात घालून गिअरची दांडी बघायचे. "माणूस खोटं बोलतो, साक्षीदार तर लयच बोलतो," ते म्हणायचे, "दांडी नाय बोलत. शेवटच्या क्षणी माणूस काय करत होता, ते तिथं अडकून राहतं." मालेगावच्या एका व्यापाऱ्याची गोष्ट त्यांनी मला निदान दहादा तरी सांगितली असेल. महामार्गावर गाडी कडेला शांत उभी होती आणि ट्रकनं येऊन ठोकली, असं त्या शेठजींचं म्हणणं. काका तासाभरात तिथे हजर. काचेतून हात घातला तर दांडी तिसऱ्या गिअरला. "शेठ, उभी गाडी तिसऱ्याला कोण ठेवतं?" शेठजी आधी चिडले, मग गप्प झाले, मग म्हणाले, "चला, चाय पिते हैं." हे सांगून काका असे हसायचे की काकू आतून ओरडायच्या, "झाली का पुन्हा मालेगावची गाडी?"

जुन्या युरोपियन गाड्यांचं वेड त्यांना लागलं ते या दांडीपायीच. इंजिनाचं त्यांना काही नव्हतं. रंगाचं, पितळेच्या दिव्यांचं तर मुळीच नव्हतं. "मोटार सगळ्यांनी सारखीच बनवली. चार चाकं, एक इंजिन. पण गिअर कुठं ठेवायचा यावर या लोकांचं एकमत म्हणून नाय! कोणी जमिनीत रोवला, कोणी स्टिअरिंगला टांगला, कोणी डॅशबोर्डातून बाहेर काढला, आणि एका बहाद्दरानं तर दाराच्या बाहेर लावला. म्हणजे गिअर टाकायचा तर हात पावसात!" कुठे एखाद्या संस्थानिकाच्या नातवाकडे, कुठे जुन्या डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये अशी गाडी पडून आहे असं कळलं की हे निघाले. मालकाला वाटायचं, गिऱ्हाईक आलं. हे म्हणायचे, "विकत नको. मला फक्त गिअर टाकून बघायचेत." पहिला, दुसरा, तिसरा टाकला की खूश. टॉपला गाडी गेली की यांचा जीव गेला. "टॉपला माणसानं करायचं काय? बसायचं?" सरळ रस्त्यावर उगाच गिअर उतरवायचे, पुन्हा चढवायचे. काकूंना मळमळायचं. शेवटी त्या एसटीनं जायला लागल्या.

माझी त्यांची ओळख झाली ती मात्र हसण्यासारख्या कारणानं नाही. मी पेठच्या एका शाळेत शिकवते, राहते नाशकात. शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी आणि सुनील, माझा नवरा, निघालो होतो. गाडी मी चालवत होते. घाट उतरताना एका वळणावर गाडी आवरली नाही, कठड्यावर गेली, आणि डावी बाजू आत आली. डाव्या बाजूला सुनील होता. त्याचा डावा पाय चेपला. दोन ऑपरेशनं झाली, पाय वाचला, पण चालताना तो आता खांदा टाकून चालतो. मला कपाळावर टाके, बाकी काही नाही. आणि आठवणही नाही. त्या आधीच्या टपरीवरचा चहा आठवतो, नंतर एकदम लोकांचा आरडाओरडा. मधलं सगळं पुसलेलं.

आता एक सांगते. आमच्या घरात उतार आला की गाडी न्यूट्रल करायची पद्धत. सासऱ्यांपासूनची. पेट्रोल वाचतं म्हणे. अशी घरं नाशकात ढिगानं सापडतील, तुमचंही असेल. पण घाटात गाडी न्यूट्रल केली की इंजिन तिला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. हे मला नंतर कळलं, आणि कळल्यापासून माझी झोप गेली. त्या दिवशी मी गाडी न्यूट्रल केली होती का? केली असेल तर सुनीलचा पाय मी मोडला. इतकी साधी गोष्ट होती ती. सुनीलला विचारलं तर म्हणाला, मलाही काही आठवत नाही. मग त्या विषयावर आमच्या घरात कोणी बोललं नाही.

अशा दिवसांत एक माणूस घरी येतो, बसा म्हटलं तर बसत नाही, खोलीभर फिरतो, आणि भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत विचारतो, "मॅडम, गाडी कुठल्या गिअरला होती?" मी मुळातच चिडकी. म्हटलं, "तुम्ही आधी बाहेर व्हा!" सुनीलची आई आतून धावत आली. काका दाराकडे वळले. चपला घालताना डावा हात हवेत उगाच एकदा खालीवर झाला. मला वाटलं, वेडाच आहे.

त्यानंतर मी गाडी सोडली. गाडी गेलीच होती, पण मी चालवणंही सोडलं. शेजारच्यांनी बळेच एकदा बसवलं, तर दांडीच्या गोळ्यावर डावा हात ठेवला आणि तळव्याला दरदरून घाम. उतरले. रोज मखमलाबाद नाक्यावरून काळी-पिवळी जीप धरायची, माणसांच्या मांडीवर माणसं, आणि घाट आला की डोळे मिटून खालचा ओठ चावत बसायचं. शाळेत पोहोचेपर्यंत तोंडात रक्ताची चव. मुख्याध्यापक चांगले होते, पण रोज उशीर किती खपवून घेणार? नोकरी सोडावी असं मनात येऊ लागलं. सुनील एका कचेरीत क्लार्क. स्कूटरवर जायचा. गाडी घ्यायचं नाव काढलं की म्हणायचा, क्लचवर पाय चालत नाही. डॉक्टर म्हणाले होते, चालतो. तो म्हणायचा, नाही चालत.

एके दिवशी नाक्यावर एक विचित्र गाडी येऊन थांबली. पत्र्याच्या कोठीला चाकं लावावीत तशी. आतून आवाज आला, "मॅडम, शाळेत? बसा." बघते तर तोच वेडा. मी मान फिरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. काळी-पिवळीतले लोक हसायला लागले. मी तरातरा खिडकीशी गेले ती भांडायलाच, आणि तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "माझी गाडी तुम्ही बघितली होती ना? मग तुम्हीच सांगा. कुठल्या गिअरला होती?"

काकांचा हात थांबला. मी तो तेव्हा पहिल्यांदा थांबलेला पाहिला.

"सांगतो," ते म्हणाले. "पण इथं नाही. घाटात सांगतो, त्या वळणावर. आणि तिथपर्यंत तुम्ही चालवत न्यायचं."

"मला नाही चालवायची."

"मग नका ऐकू," म्हणाले, आणि गाडी सुरू करून गेलेसुद्धा. वाट बघणं जमत नव्हतं ना!

आठ दिवस मी धुसफुसत काढले. काय समजतो हा माणूस स्वतःला? मग एका रविवारी त्यांचं घर शोधत गेलेच. बंगल्यामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये तीन गाड्या: फ्रेंच, इंग्रजी, इटालियन. तिन्ही भंगारवाल्यांच्या तावडीतून सोडवलेल्या. काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "आलात का तुम्हीपण यांच्या नादाला? बसा. म्हणजे मी बसा म्हणते, हे काही बसू द्यायचे नाहीत." खरंच नाही बसू दिलं. कप हातात असतानाच काकांनी कोपऱ्यातली छत्री आणून माझ्यापुढे धरली.

"मूठ धर. हीच त्या फ्रेंच गाडीची गिअरची दांडी. डॅशबोर्डातून आडवी बाहेर येते, अशीच. डावीकडे पिळून ओढ: पहिला. सरळ करून ढकल: दुसरा. तशीच ओढ: तिसरा. उजवीकडे पिळून ढकल: चौथा. बस, संपलं शिक्षण."

एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. छत्री हातात दिल्याबरोबर मॅडमची "अगं" झाली होती. पुढे ही रीतच ठरली. गाडीत बसलं की अगं-तुगं आणि निफाडची भाषा, खाली उतरलं की पुन्हा मॅडम आणि तुम्ही.

मी म्हटलं, "मला साधी गाडी चालवायची भीती वाटते आणि तुम्ही हे सोंग शिकवताय?" तर म्हणाले, "भीती कुठं वाटते तुला? हातात. साध्या गाडीची दांडी तुझ्या हाताला पाठ आहे, म्हणून भीतीपण पाठ आहे. इथं तुला येतं त्यातलं काहीच चालत नाय. हाताला काय आठवणार, डोंबल?"

मला ते पटलं नव्हतं. पण गाडीत बसले, ती छत्रीची मूठ धरली, आणि खरोखर तळवा कोरडा राहिला. हात बिचारा गोंधळलेला. घाबरायला त्याला सवडच नव्हती. शेडपुढच्या मोकळ्या जागेत मी त्या पत्र्याच्या कोठीला गोल गोल फिरवायला शिकले. दर दोन मिनिटांनी इंजिन बंद पडायचं, मी चिडायचे, काका शेजारच्या सीटवर बसल्या बसल्या माझ्याआधी हवेत गिअर टाकायचे. त्यामुळे मी आणखी चुकायचे. "काका, हात खाली!" असं मी त्यांच्यावर ओरडले की काकूंना फार बरं वाटायचं.

एकदा मात्र घोळ झाला. उन्हाळ्याचे दिवस. काकूंनी शेडमागे बाजेवर कुरडया वाळत घातलेल्या. मी गाडीत बसले. मन कुठेतरी होतं, त्यामुळे हातानं जुन्या सवयीनं काम केलं. साध्या गाडीत डावीकडे घेऊन पुढे ढकललं की पहिला पडतो. मी तसंच डावीकडे पिळून ढकललं. त्या फ्रेंच गाडीत तिथे रिव्हर्स असतो. पहिला आणि रिव्हर्स एकाच रेषेत ठेवलेत त्या लोकांनी, शेताच्या चिखलात रुतली तर पुढे-मागे झुलवत काढता यावी म्हणून. मी पुढे बघत ऐटीत क्लच सोडला आणि गाडी मागे सुटली. कडकड आवाज झाला. बाजेचा एक खूर मोडला आणि अख्ख्या वर्षाच्या कुरडया मातीत.

मी तोंडावर हात घेऊन रडायला लागले. गाडी कुठेही धडकणार, मी चालवली की काहीतरी मोडणार, असंच सगळं मनात. काकू पदर खोचत आल्या. त्यांनी बाजेकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं. म्हणाल्या, "हिला कशाला रडवता? तुम्ही तर आपल्या लग्नानंतर पहिल्या आठवड्यात माझ्या माहेरची भिंत पाडली होती अशाच रिव्हर्सनं." मग माझ्याकडे वळून, "उठ गं. कुरडया परत घालू. गहू काय पळून चाललाय?" काका तोवर शेडच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले होते. त्या संध्याकाळी मी तीनदा रिव्हर्स टाकला, तिन्ही वेळा मुद्दाम.

इंग्रजी गाडीनं मला जास्त छळलं. तिला दांडी अशी नाहीच. स्टिअरिंगखाली एक छोटा काटा, त्यापुढे गिअरांचे आकडे. तिसरा हवा असेल तर काटा तिसऱ्यावर न्यायचा, आणि काहीच होत नाही. गाडी आहे त्याच गिअरला चालत राहते. वेळ आली की डाव्या पायानं पेडल पूर्ण दाबून सोडायचं, तेव्हा कुठे तिसरा पडतो. अर्धवट दाबलं तर पेडल उलटून अशी लाथ मारतं की गुडघा सुजतो. माझा सुजला. "अर्ध्या मनानं काही केलेलं तिला खपत नाय," काका म्हणाले. मी त्यांच्याकडे रागानं बघितलं.

तो गुडघा चोळता चोळता मी विचारलं, "या गाडीचा अपघात झाला असता तर तुमच्या दांडीनं काय सांगितलं असतं? काटा तिसऱ्यावर असेल, गाडी दुसऱ्यातच असेल."

काकांनी काटा एकदा फिरवून परत आणला. मग म्हणाले, "माणूस काय करत होता ते नसतं कळलं. पुढं काय करायचं त्याच्या मनात होतं, तेवढं कळलं असतं." आणि उठून त्यांनी उगाचच टायरची हवा तपासली.

सुनीलला माहीत होतं मी कुठे जाते ते. का जाते ते मी सांगितलं नव्हतं. आल्यावर तो विचारायचा, "आज काय मोडलं?" मी सांगायचे. तो हसायचा, मग पायावर हात फिरवत टीव्हीकडे बघत बसायचा. मला वाटायचं, तो मनातल्या मनात मला विचारतोय. त्या शांततेपेक्षा त्यानं एकदा भांडून टाकलेलं मला चाललं असतं.

पावसाळा सरला आणि काका म्हणाले, "चला मॅडम, घाट." गाडी त्यांची रोजची साधी होती, जमिनीतून दांडी निघालेली, सगळ्यांच्या असते तशी. तळव्याला घाम आला, पण हात सरकला नाही. नाक्यावरून निघाले, वस्ती मागे पडली, रस्ता वळायला लागला. काका शेजारी सतत हलत होते, कधी पट्टा ओढ, कधी आरसा बघ. ते वळण आलं. कठडा नवा बांधला होता, पांढरा-पिवळा रंग. मी गाडी कडेला घेतली, उतरले आणि म्हटलं, "सांगा."

"न्यूट्रल," काका म्हणाले.

मी कठडा धरला. "मला माहीतच होतं," म्हटलं.

"तुला काय डोंबल माहीत होतं!" काका कडाडले. खाली उतरूनही त्यांनी मला अगं-तुगं केलं, ते तेवढं एकदाच. "नीट ऐक. मी तुझी गाडी इथं नाय बघितली. गॅरेजमध्ये बघितली. इथून ती लोकांनी ढकलून बाजूला घेतली. मग क्रेननं ओढली. मग गॅरेजच्या पोरांनी ढकलत शेडमध्ये नेली. गाडी ढकलायची म्हटल्यावर पहिलं काय करतात?"

मी मुलांसारखं उत्तर दिलं. "न्यूट्रल करतात."

"गॅरेजला आलेली प्रत्येक गाडी न्यूट्रललाच असते."

"मग तुमचं ते दांडी खोटं बोलत नाही वगैरे?"

"जागेवर बघितली तर नाय बोलत. मालेगावची जागेवर बघितली होती." ते कठड्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले. "बाकीच्या बहुतेक गॅरेजमध्येच बघितल्या मी. बढाई मारायला बरं वाटतं गं. तुझ्या वेळी दांडीकडून काही कळेना, म्हणून घरी येऊन तुला विचारलं. तर तू हाकलून दिलंस."

मला असा संताप आला म्हणून सांगू! "मग त्या दिवशी नाक्यावरच सांगायचं होतं की हे! मी छत्र्या पिळत बसले, लाथा खाल्ल्या, काकूंच्या कुरडया घालवल्या!"

"नाक्यावर सांगितलं असतं, तर 'न्यूट्रल' एवढंच ऐकून तू जीपमध्ये बसली असतीस. पुढचं ऐकायला थांबली असतीस का?"

नसते थांबले. मी मला ओळखते. गाडीत बसले, दुसरा टाकला आणि घाट उतरून पेठपर्यंत गेले. काका चहासाठी थांब म्हणत होते, तेही ऐकलं नाही.

त्यानंतर मी जुनी छोटी गाडी घेतली आणि रोज शाळेत तीच नेऊ लागले. वळण आलं की खालचा ओठ दाताखाली यायचा. अजून येतो. पण माझं मला सुटं वाटायला लागलं होतं. सुनीलला एवढंच सांगितलं की घाट जमला. तो म्हणाला, बरं झालं. माझ्या गाडीत मात्र बसला नाही. पाय अवघडतो म्हणाला. काकांनी दोनदा त्याला शेडमध्ये बोलावलं, गेला नाही.

गेल्या वर्षी द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत काका काकूंबरोबर भावाकडे निफाडला गेले होते. मळ्यात मजुरांमागे फिरत असताना छातीत कळ आली आणि तिथेच गेले. भावाचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच आले होते. मला काही सुचेना, किल्ली सापडेना. सुनीलनं किल्ली शोधली आणि शेजारच्या सीटवर येऊन बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तसेच निफाडला पोहोचलो. तिथे काका अंगणात ठेवलेले होते. दोन्ही हात छातीवर जुळवलेले. मला ते बघवेना. हा माणूस एवढा वेळ एका जागी कसा राहील, असंच वाटत राहिलं. काकूंनी माझा हात धरला, म्हणाल्या, "शेवटीही उठून फेरी मारतो म्हणाले गं, बसले नाहीत."

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. दोन्ही बाजूंना छाटलेल्या बागा, नुसत्या काड्या. निफाड मागे पडल्यावर सुनील खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काकांना तू कधी विचारलंस का?"

"काय?"

"आपली गाडी. कुठल्या गिअरला होती ते."

माझ्या तळव्याला घाम फुटला. "तुला काय करायचंय आता?" मी खेकसले.

"मी म्हणालो होतो तुला," सुनील म्हणाला. "वळणाच्या जरा आधी. न्यूट्रल कर, उतार आहे, असं म्हणालो होतो. तू केलंस की नाही ते खरंच आठवत नाही. पण मी म्हणालो होतो."

"तू तर म्हणालास, काहीच आठवत नाही."

"हो. तसं म्हणालो."

मला आधी रागच आला. इतकी वर्षं एका घरात, एका ताटात जेवून, हा त्या बाजूला आणि मी या बाजूला, दोघंही तेच उगाळत होतो आणि एकमेकांना टीव्हीचा आवाज कमी कर म्हणत होतो! मग त्याच्याकडे बघितलं. तो डावा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता, मार खायला बसलेल्या मुलासारखा. माझा राग गेला. आणि मी शहाणपणा केला. आधी लोकांनी गाडी ढकलल्याचं सांगितलं. मग क्रेनचं सांगितलं. मग गॅरेजच्या पोरांचं. गाडी ढकलताना काय करतात ते त्यालाच विचारलं. न्यूट्रल हा शब्द त्याच्या तोंडून आल्यावर मगच म्हटलं की काकांनीही तेच पाहिलं होतं, आणि त्यावरून काहीही कळत नाही.

"म्हणजे कधीच कळणार नाही?"

"नाही."

उसाच्या रसाचं एक गुऱ्हाळ गेलं, एक पेट्रोल पंप गेला. मग म्हणाला, "गाडी बाजूला घे."

"का? पाय दुखतोय?"

"घे तर."

मी घेतली. तो उतरला, खांदा टाकत बॉनेटला वळसा घालून माझ्या बाजूला आला, आणि दार उघडून म्हणाला, "उतर. मी चालवतो."

"अरे, पाय?"

"पायाला काय झालंय?" सुनील म्हणाला.

मी शेजारी जाऊन बसले. त्यानं क्लच सोडला तसे दोन गचके बसले, दुसरा टाकताना खरखर आवाज झाला. मी खिडकीकडे तोंड करून मनसोक्त रडले. काकांसाठी रडतेय असं त्याला वाटलं असेल, आणि ते खोटं नव्हतं. जरा वेळानं इंजिन फारच ओरडायला लागलं, तेव्हा डोळे पुसून म्हटलं, "अरे, तिसरा टाक की आता!"

त्यानं टाकला.